पुण्याचे वाटेकरी



मणिपूरच्या पश्चिम भागात तामेंगलाँग नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. थंडीची चाहूल लागली की तिथे एका पाहुण्याच्या नावाने उत्सव भरतो. गावोगावची माणसे जमतात, पारंपरिक वेशात नाच होतो, गाणी होतात, मुलांचे कार्यक्रम होतात. उत्सवाचे नाव 'अमूर फाल्कन डान्स फेस्टिव्हल'. ज्याच्यासाठी हे सगळे चालते तो पाहुणा म्हणजे एक पक्षी आहे. मराठीत त्याला अमूर ससाणा म्हणतात. तिथल्या रोंगमेई लोकांच्या बोलीत तो अखुआइपुइना.

वजनाने हा पक्षी आपल्या पारव्यापेक्षाही हलका, दीडशे ग्रॅमच्या आसपास. रशियाचा आग्नेय कोपरा आणि उत्तर चीन या भागात तो अंडी घालतो, पिल्ले वाढवतो आणि तिकडचा कडक हिवाळा टाळण्यासाठी थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. वाटेत ऑक्टोबर महिन्यात नागालँड, मणिपूर, आसाम आणि मेघालयाच्या डोंगरांत त्याचा मुक्काम असतो. पावसाळा संपल्यावर जमिनीतून उडती वाळवी निघते. ती खाऊन अंगात चरबी साठवायची आणि नोव्हेंबरमध्ये पुढे निघायचे, हा त्याचा क्रम. पुढे मध्य भारत आणि महाराष्ट्र ओलांडून तो अरबी समुद्रावर शिरतो. तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर खाली फक्त पाणी. टेकायला फांदी नाही, खडक नाही. लोणावळ्याच्या माळावर नोव्हेंबर-डिसेंबरात दुर्बीण घेऊन उभे राहणाऱ्यांना हा प्रवासी तारेवर बसलेला दिसतो. म्हणजे आपल्यापैकी काहींच्या घरांवरूनही तो दरवर्षी जात असेल, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसेल.

असा उत्सव आहे हे ऐकले की मन प्रसन्न होते. 'अतिथी देवो भव'चे याहून सुंदर उदाहरण कोणते, असे आपण म्हणतो, एखादे छायाचित्र सत्संगाच्या समूहावर पाठवतो आणि आपल्या कामाला लागतो. आज तुम्हाला विनंती आहे की थोडे थांबावे. या पाहुणचाराचा खर्च कोण करते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे असेल, पण मला आधी तोच प्रश्न सुचतो. आणि तो केवळ हिशेबाचा नाही, धर्माचाही आहे असे मला वाटते.

तामेंगलाँगचा उत्सव समजून घ्यायचा तर आधी शेजारच्या नागालँडमध्ये जावे लागते. तिथे वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण बांधले गेले. 2000 साली तिथला जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. पांगती आणि आसपासच्या गावांची नदीकाठची सुपीक जमीन त्या पाण्याखाली गेली. शेतकरी होते ते मासेमार झाले. पुढे त्याच जलाशयाच्या काठच्या झाडांवर ऑक्टोबरमध्ये ससाण्यांचे अफाट थवे रात्रीच्या मुक्कामाला उतरू लागले. गावकऱ्यांच्या हातात मासेमारीची जाळी होतीच. ती त्यांनी झाडांच्या मध्ये उंच बांधली. पहाटे झाडावरून उठणारे पक्षी त्यात अडकत. मांस विकले जाई, आणि त्या दोन-तीन आठवड्यांच्या कमाईवर घरखर्च, मुलांच्या शाळेची फी असे बरेच काही भागत असे.

2012 च्या ऑक्टोबरमध्ये बानो हरालू, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सु हे चौघे तिथे पोहोचले. त्यांनी जे पाहिले त्याचे चित्रीकरण जगभर गेले. मोसमाच्या ऐन भरात दररोज बारा ते चौदा हजार पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे दहा दिवसांत लाखाच्या वर.

हे वाचताना आपल्या मनात काय उठले, ते प्रामाणिकपणे पाहावे. बहुतेकांच्या मनात संताप उठला असेल. 'कसली ही माणसे!' असा उद्गारही आला असेल. संताप अस्वाभाविक नाही. दीडशे ग्रॅमचा जीव अर्धे जग ओलांडून येतो आणि जाळ्यात लटकतो, हे पाहून ज्याचे मन हलत नाही त्याला साधना कशी साधायची? पण संताप येणे आणि संतापावर थांबणे यांत फरक आहे. संतापाला काही खर्च येत नाही. ती सर्वांत स्वस्त मिळणारी नैतिक भावना आहे.

इथे मला वाल्या कोळ्याची गोष्ट आठवते. लहानपणी आपण सगळ्यांनी ती ऐकली आहे. वाटसरूंना लुटणाऱ्या वाल्याला नारद विचारतात, ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो. बायको-मुले म्हणतात, आम्हाला पोसणे हे तुझे कर्तव्य. ते तू कसे करतोस हे तुझे तू पाहा. वाल्याचे डोळे उघडतात आणि पुढे तो वाल्मीकी होतो. लोकपरंपरेतल्या या कथेत आपण नेहमी वाल्याकडे पाहतो. घरच्यांच्या उत्तराकडे फारसे पाहत नाही. लुटीचे अन्न त्यांनीही खाल्ले होते. त्यांनी वाटा घेतला होता, फक्त पापाचा घेतला नव्हता.

त्याच वाल्मीकींची रामायणातली दुसरी गोष्टही पक्ष्याचीच आहे. तमसा नदीच्या काठी क्रौंचाच्या जोडीतला एक पक्षी निषादाच्या बाणाने पडला, दुसरा आक्रोश करू लागला, आणि ऋषींच्या तोंडून शाप बाहेर पडला. तो शापच छंदात होता, त्यातून काव्य जन्मले, हे आपण जाणतो. मात्र बालकांडात त्यानंतर लगेच येणारी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शाप उच्चारल्यावर ऋषी स्वतःच अस्वस्थ होतात, आपण हे काय बोलून गेलो याचा विचार करत राहतात. लोककथा आणि रामायण एकत्र ठेवून पाहिले तर त्या अस्वस्थतेचा एक अर्थ मला असा लागतो: समोर उभ्या शिकाऱ्यात त्यांना कधीकाळचा वाल्या दिसला असेल. तोही कोणाच्या तरी पोटासाठीच बाण घेऊन निघाला असेल. शास्त्रकार हा अर्थ मान्य करतील की नाही, ठाऊक नाही. चिंतनासाठी मला तो उपयोगी पडतो.

आता पांगतीकडे परत येऊ. तिथे शाप देणे सोपे होते. कायदाही होता. वनखात्याने जाळी जप्त केली, कारवाई केली, आणि ते आवश्यकच होते. पण ज्या गोष्टीने खरा बदल घडला ती वेगळी होती. बानो हरालू आणि त्यांचे सहकारी परत परत गावात गेले. ग्रामसभांमध्ये बसले. हा पक्षी कुठून येतो, कुठे जातो हे समजावले. मुलांसाठी निसर्गमंडळे काढली. तिथला समाज श्रद्धाळू ख्रिस्ती आहे; चर्चमधूनही हा विषय मांडला गेला. शिकार बंद करण्याचा आणि मोडणाऱ्याला दंड करण्याचा ठराव गावांनी स्वतः केला. 2013 च्या मोसमात दोयांगच्या काठी एकही ससाणा जाळ्यात मारला गेल्याची नोंद नाही. एका वर्षात! त्या नोव्हेंबरमध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे बसवली. त्या पक्ष्यांची नावे ठेवली गेली नागा, वोखा आणि पांगती. ज्या गावाचे नाव आदल्या वर्षी जगभर बदनाम झाले होते, ते नाव घेऊन एक पक्षी आफ्रिकेला गेला.

ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही; त्यांच्या वृत्तीतला वाकडेपणा जावा, एवढेच मागितले. पांगतीची गोष्ट सांगताना पसायदानाचा दाखला द्यावा, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले. पण तो देताना एक सावधगिरी हवी. पांगतीचे लोक दुष्ट होते असे त्यातून सुचवले जाऊ नये. जमीन पाण्याखाली गेलेली, हाताशी जाळी, डोक्यावर थवे आणि घरात मुले. या चार गोष्टी एकत्र आल्यावर तुम्ही-आम्ही काय केले असते?

आणि इथेच मला खरा प्रश्न दिसतो. मी जन्माने शाकाहारी घरातला. पक्षी मारून खाऊ नये हे मला कोणी पटवून द्यावे लागले नाही, आणि ते पाळताना मला कधी काही सोडावेही लागले नाही. मग त्या न खाण्यात माझा त्याग कोणता? माझ्या वाट्याला ती गोष्ट वारशाने आली, वडिलोपार्जित घर यावे तशी. पांगतीच्या माणसाने मात्र हातातले उत्पन्न सोडले. वाणिज्य शाखेत आम्हाला 'ऑपर्च्युनिटी कॉस्ट' शिकवतात. एक गोष्ट निवडताना जी दुसरी हातची सोडावी लागते, तिचे मोल. ते कोणत्याही खातेवहीत लिहिले जात नाही, पण निर्णयाची खरी किंमत तीच असते. या मोजमापाने पाहिले तर अहिंसेची किंमत माझ्या खात्यावर जवळजवळ शून्य आहे आणि त्या मासेमाराच्या खात्यावर वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा.

कोणी म्हणेल, तिथले लोक इतर मांस तर खातातच. मग एका पक्ष्याला सोडले यात अहिंसा कसली? हा आक्षेप आपल्या मंडळींकडून हमखास येतो, म्हणून त्याला उत्तर देतो. साधनेत आपण दुसऱ्याची पायरी मोजत नाही, तो कुठून कुठे आला ते पाहतो. दहा मिनिटे ध्यानाला बसणाऱ्या नव्या साधकाला आपण 'उरलेल्या तेवीस तास पन्नास मिनिटांचे काय?' असे विचारतो का?

आता पुन्हा तामेंगलाँगच्या उत्सवाकडे. कायदा असताना, दंड असताना, नाच-गाण्याची गरज काय? दरवर्षी ऑक्टोबर आला की त्या जिल्ह्यात ससाण्याच्या शिकारीला आणि एअरगनच्या वापराला मनाई करणारे आदेश निघतात. तरीही 2018 च्या नोव्हेंबरमध्ये, उत्सवाच्याच मोसमात, एक घटना घडली. चिउलुआन गावात दोन पक्ष्यांना यंत्रे लावून सोडण्यात आले होते. एकाचे नाव मणिपूर, दुसऱ्याचे तामेंगलाँग. काही दिवसांतच 'मणिपूर' त्याच जिल्ह्यातल्या डोंगरात मेलेला सापडला. कोणीतरी त्याला मारले होते. राज्याचे नाव ज्याला दिले, तोच राज्याबाहेर पडू शकला नाही. पुढच्या वर्षी त्याच जिल्ह्यात आणखी पाच पक्ष्यांना यंत्रे लावली गेली, आणि काम पुढे चालू राहिले.

यातून उत्सवाचे काम काय ते मला कळते. आदेश माणसाचा हात काही काळ थांबवतो. आदेश देणारा अधिकारी बदलला की हात पुन्हा मोकळा होतो. उत्सव त्या पक्ष्याला गावाच्या नात्यात आणतो. ज्या पक्ष्याच्या नावाने आपल्या मुलीने नाच बसवला, त्याच्यावर नेम धरताना हात जड होतो. सगळ्यांचाच होतो असे नाही, 2018 ने ते दाखवले. म्हणून तर दरवर्षी पुन्हा जमावे लागते. आपण रोज नामस्मरण का करतो? काल केलेले आजच्या मनाला पुरत नाही म्हणूनच ना?

पण उत्सवाला दुसरी बाजूही असते, आणि ती आपल्या अंगणातली आहे. पोळ्याला बैलाला अंघोळ घालतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळी भरवतो. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू नसते. ज्या घरात उरलेल्या दिवसांतही त्याच्या खांद्याची काळजी घेतली जाते, तिथे पोळा खरा. नाहीतर ती वर्षातून एकदा काढलेली पावती. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत नागाची पूजा व्हायची आणि त्यासाठीच जिवंत नाग पकडून मिरवले जायचे; ते थांबवायला न्यायालयाला मध्ये पडावे लागले. ज्याचा सन्मान त्यालाच जाच.

आणि संक्रांत? आपला स्वतःचा थंडीतला उत्सव. तिळगूळ देतो, गोड बोलतो आणि गच्चीवरून पतंग उडवतो. ऐन जानेवारीत, जेव्हा दूरदेशीचे पक्षी आपल्या तळ्यांवर उतरलेले असतात, तेव्हा आकाशात मांजा ताणलेला असतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली. तरी दर संक्रांतीनंतर झाडांवर, तारांवर तो लोंबताना दिसतो, आणि त्यात पंख अडकलेली घार किंवा बगळाही. वडोदरा, सुरत, अहमदाबाद इथल्या आपल्या मराठी साधकांना हे अधिकच ठाऊक आहे. तिथे उत्तरायणात जखमी होणाऱ्या पक्ष्यांसाठी दरवर्षी 'करुणा अभियान' चालवावे लागते. त्या अभियानात सेवा करणाऱ्यांना नमस्कार. पण मांजा कापत नाही म्हणून साधा दोरा नको, असे म्हणणारा मुलगा आपल्याच घरात असतो. पांगतीच्या माणसाने मुलांची फी ज्यातून येत होती ते सोडले. आपल्याला पतंग काटण्याची मजा सोडायची आहे, तीही एका दिवसाची. आणि तिथे आपण अडतो!

म्हणून मला वाटते, तामेंगलाँग किंवा पांगतीचे कौतुक करण्याचा अधिकार आपल्याला फुकट मिळत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की मिळालेल्याचा भोग घेऊन परत काही न देणारा चोरच ठरतो. ससाण्यांनी भरलेल्या आकाशाचे छायाचित्र पाहून मिळणारा आनंद हाही भोग आहे. तो ज्याच्या त्यागातून आला, त्याला आपण काय देतो? वाल्याच्या घरच्यांनी लूट खाल्ली आणि पाप नाकारले. आपण त्यांच्या उलट टोकाला उभे आहोत: पुण्य हवे आहे, त्याची किंमत मात्र दुसऱ्या कोणी भरावी. टोके उलटी असली तरी जमाखर्च एकाच प्रकारचा आहे.

व्यवहारात याचा अर्थ काय? ज्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडे जाणे शक्य आहे, त्यांनी लांबच्या शहरातल्या हॉटेलात राहून फक्त सूर्योदयाला गाडीने येण्यापेक्षा गावातल्या घरी उतरावे, तिथलाच वाटाड्या घ्यावा, जेवण तिथेच करावे आणि घासाघीस करू नये. हेही लक्षात असावे की पर्यटक येतात ते मोजके आठवडे, आणि पाहुण्याला देता येईल अशी वेगळी खोली सगळ्यांच्याच घरी नसते. ज्याच्या घरी ती नाही त्यानेही जाळे खाली उतरवले आहे. त्याच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावता येईल का, हा विचार आपल्या केंद्रांवर सामूहिकरीत्या होऊ शकतो. जाणे शक्य नाही, त्यांना संक्रांत आहेच. आपल्या सोसायटीत नायलॉनचा मांजा येऊ न देणे आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन झाडांवरचा, रस्त्यावरचा मांजा गोळा करणे, एवढे प्रत्येक केंद्राला जमण्यासारखे आहे. त्या कामाचे छायाचित्र काढले नाही तरी चालेल.

आणखी एक गोष्ट मनात घोळत राहते. पांगतीच्या माणसाने वाचवलेला पक्षी पुढे हजारो किलोमीटर जाणार. महाराष्ट्रावरून, समुद्रावरून, सोमालिया, केनिया ओलांडून आणखी दक्षिणेला. वाटेत कुठे विषारी फवारा असेल, कुठे वादळ, कुठे दुसरे जाळे. आपण राखलेला जीव पुढे जगला की नाही, हे यंत्र लावलेल्या दोन-चार पक्ष्यांखेरीज त्याला कधीच कळणार नाही. आफ्रिकेतल्या ज्या माळावर तो उतरेल तिथल्या शेतकऱ्याला पांगतीचे नावही ठाऊक नसेल. तरीही आपल्या हद्दीतले आपले काम त्याने चोख केले. फळावर अधिकार नाही हे आपण प्रवचनात ऐकतो, त्यावर मान डोलावतो. मी स्वतः त्यावरची प्रवचने मराठीत आणण्याची सेवा करतो. त्या शब्दांचे भाषांतर करताना अडलो की अलीकडे माझ्या डोळ्यांसमोर धरणाच्या काठावरची ती उतरवलेली जाळी येतात.

एप्रिल-मेमध्ये ससाणे परत फिरतात. तेव्हा ते घाईत असतात; उत्तरेकडे जाऊन अंडी घालायची असतात. दोयांगच्या काठी ऑक्टोबरसारखे थवे तेव्हा बसत नाहीत. पर्यटक नसतात, नाच नसतो, कॅमेरे नसतात. काही पक्षी संध्याकाळी डोंगरावरून जातात आणि खाली मासेमार आपली होडी काठाला लावत असतो.